बोरीच्या गल्लीखालचं शहर

खलाफमास्तरांची म्हैस पाहुण्यांच्या खोलीत राहते, हे इजिप्तमधल्या अराबा मदफूना गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मुलाने कुवेतहून पाठवलेल्या पैशांतून घेतलेला मखमली कोच, भिंतीवर मक्केची सोनेरी चौकटीतली तसबीर आणि तिच्याखाली निवांत रवंथ करणारी म्हैस. कुणी भेटायला आलं की मास्तरांची बायको बहीजा त्यांना अंगणात बसवायची आणि म्हणायची, "आत नको, आत मंडळी आहेत."

म्हशीच्या गोठ्यात खड्डा होता. अर्थात खड्डा हा शब्द त्यांच्या बोरीच्या गल्लीत कुणी उच्चारत नसे, कारण जुन्या ठेव्यासाठी घराखाली खणणं गुन्हा होता. "विहिरीची दुरुस्ती चाललीय," एवढंच म्हणायचं असतं. दुपारचा नमाज झाला, ऊन डोक्यावर आलं, की ज्यांच्या घरी दुरुस्ती असेल त्यांचा रेडिओ मोठ्याने लागायचा, म्हणजे कुदळीचा आवाज बाहेर जात नाही. कधीकधी एकाच दुपारी गल्लीत चार ठिकाणांहून कुराणातले चार वेगवेगळे अध्याय ऐकू यायचे. अल्ला सगळं ऐकत असेल, माणसांना मात्र एक शब्द कळत नसे.

खलाफ जन्मभर गावातल्या शाळेत भूगोल शिकवत आला. शाळेतला प्रत्येक वर्ग त्याने गल्लीच्या टोकाच्या प्राचीन देवळात नेला आणि छताकडे बघून माना दुखेपर्यंत उभा केला. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात खडू घेऊन गोठ्याच्या भिंतीवर रेघा मारायला लागला.

"काकाच्या लेकी, इकडे ये," तो म्हणाला होता. बहीजा त्याची सख्खी चुलत बहीण. लग्न होऊन जन्म गेला तरी तो तिला काकाची लेकच म्हणायचा, आमच्याकडे तीच रीत आहे. "हे देऊळ. हे त्याच्या मागचं खोलातलं दगडी दालन, ज्यात बारा महिने पाणी असतं. आता मला सांग, ते पाणी येतं कुठून?"

"जमिनीतून. शेजारच्या उम्म फिक्रीच्या मोरीतही येतं."

"मोरी सोड. हे पाणी आणलेलं आहे. नाईलपासून खालून पाट आणलेला आहे. आणि पाट असा एकटा जात नाही, पाटाच्या काठाला वस्ती असते. देवळात सात गाभारे आहेत ना ओळीने? तशी खाली सात दालनं असणार. ही रेघ बघ. सरळ येते ती कुठे येते?"

"कुठे?"

"तुझ्या म्हशीच्या खाली."

बहीजाने रेघेकडे पाहिलं, मग म्हशीकडे. "या बयेला माहीत असतं तर तिने दूध वाढवून दिलं असतं."

"हस. पण गावाचं नाव काय? मदफूना. पुरलेलं गाव. जिवंत गावाला असं नाव कोण ठेवतं? काहीतरी पुरलंय, म्हणूनच ठेवलं ना?"

"ज्याने ठेवलं त्याने तुला बघितलं असेल. अक्कल पुरून ठेवलेला माणूस."

तोंडाने ती असं बोलायची, आणि बोलण्यात तिला गल्लीत कुणी हरवलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर खलाफ त्या खालच्या शहराबद्दल बोलायला लागला की तिला ऐकत राहावंसं वाटायचं. देवळाच्या एका तुळईवरच्या कोरीव खुणा हेलिकॉप्टरसारख्या दिसतात म्हणून परदेशी लोक फोटो काढत बसतात, त्यांचा त्याला भारी राग. "त्यांना उडायची गरजच काय होती?" तो म्हणायचा. "वर फक्त ऊन आणि वाळू. शहाणी माणसं खाली राहायची. थंड दालनं, वाहतं पाणी, निळ्या रंगाची छतं. आणि हातात कला अशी, की दगडाला वाटावं आपण मेण आहोत." हे सांगताना साठी उलटलेल्या त्या माणसाचा चेहरा असा उजळायचा, की बहीजाच्या हातातली मुलूखियाची पालेभाजी निवडायची राहून जायची. सोन्याबद्दल तो कधी बोलला नाही. गल्लीत बाकी सगळ्यांना सोनं हवं होतं, याला शहर हवं होतं. असा नवरा मिळाला याचा तिला मनातून अभिमान होता, पण तो तिने त्याला कळू दिला नाही. कळला असता तर त्याने स्वयंपाकघरही खणलं असतं.

तरी ती खणायला तयार झाली ती त्या शेखमुळे. कुठल्या तरी लांबच्या शहरातून एक मांत्रिक शेख धूप घेऊन आला होता. त्याने गोठ्यात डोळे मिटले आणि सांगितलं की खालच्या दाराशी जिन्न राखण करतोय, त्याला फक्त मीच हटवू शकतो, आणि खणायला माझीच माणसं येतील. खलाफ मान डोलवत होता. बहीजाला मात्र घाम फुटला. परकी माणसं खड्ड्यात उतरतात, खाली काहीतरी लागतं, आणि घराचा मालक वर येत नाही, अशा गोष्टी आमच्या भागात सगळ्यांच्या कानावर आहेत. तिने झाडू घेतला आणि शेखला त्याच्या धुपासकट रस्त्यापर्यंत पोचवलं.

"खणायचंच असेल तर एक ऐक," ती परत येऊन म्हणाली. "खाली तू, वर मी. दोरी माझ्या हातात राहील. तिसरा माणूस दिसला तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर म्हणजे माझ्या काकाचं घर. समोरच तर आहे."

"तिथूनच रोज तुला शिव्या देईन. घरबसल्या."

असा त्यांचा संसार नव्याने सुरू झाला. दुपार झाली की खलाफ कंबरेला दोरी बांधून उतरायचा, बहीजा कप्पीवरून टायरच्या रबराच्या पाट्या वर ओढायची. त्याला उतरवताना ती दर वेळी म्हणायची, "वर ये." तो खालून म्हणायचा, "येतो." ती पुन्हा विचारायची, "कधी थांबणार?" आणि तो सांगायचा, "घडवलेल्या दगडाला हात लागला, की थांबलो. तुझी शपथ." तिला त्या शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. दोरीला ओढ लागेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. माती ढासळते. ओली माती न सांगता ढासळते. तिला शहर नको होतं, दगड नको होता. हा बावळट माणूस रोज संध्याकाळी चहाला समोर बसलेला हवा होता, बस.

आता प्रश्न मातीचा होता. घरातून रोज गाढवभर माती निघाली तर आंधळ्यालाही कळेल. खलाफने त्यावर जी शक्कल काढली ती फक्त शाळामास्तरालाच सुचू शकते. त्याने मातीत भुसा कालवून चिखल केला आणि घरासमोर बसायला ओटा बांधला. जन्मात खडूपेक्षा जड काही न उचललेला माणूस. पहिला ओटा इतका तिरका झाला, की त्यावर चहाचा पेला ठेवला तर तो आपणहून पाहुण्याकडे सरकायचा. दुसरा बरा जमला. मग समोरच्या घराला ओटा, मग कोपऱ्यावरच्या. मग विधवा उम्म फिक्रीची भाकरीची भट्टी पडली होती ती नवी करून दिली. हिवाळा आला तोवर त्याचा हात असा बसला होता, की ओट्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसायच्या. त्याने गल्लीच्या दोन्ही बाजूंना सलग ओटे केले, मधे पाण्याचे माठ ठेवायला कोनाडे केले, बोरीच्या झाडाभोवती गोल कट्टा केला आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी कबुतरांचा उंच मनोरा उभा केला. संध्याकाळी कबुतरं त्यावर उतरायची तेव्हा शेजारच्या गावातली माणसं बघायला येऊन उभी राहायची. सगळी बोरीची गल्ली एका वर्षात देखणी झाली आणि गल्लीतल्या कुणीही विचारलं नाही की मास्तर, एवढी माती आली कुठून.

फक्त रद्वान सोडून. रद्वानची पिठाची गिरणी खलाफच्या भिंतीला लागून होती. गिरणी दिवसभर धडधडायची आणि तिच्या दारात उभा राहून रद्वान टोमणे मारायचा.

"मास्तर, विहीर किती खोल आहे हो तुमची? गल्लीत ओटे मावेनासे झाले."

"माती शेतातली आहे."

"शेतातली? मग शेत एव्हाना सुदानला पोचलं असेल. नाही म्हणजे, आपलं काही म्हणणं नाही. पण घराखाली खणणारी माणसं बघितली की मला कीव येते. अक्कल नाही ओ लोकांना. देवळं बांधणारे गेले, चाव्या घेऊन गेले."

"खरं आहे," खलाफ शांतपणे म्हणायचा. "तुमच्या समोरचा ओटा जरा उंच करू का? बसलात की गुडघे हनुवटीला लागतात तुमचे."

रद्वान गप्प व्हायचा, कारण ओटा उंच झालेला त्याला हवाच होता.

गहू कापून झाले त्या दिवसांतली गोष्ट. दुपारी खलाफ उतरला. खड्डा आता सरळ खाली जाऊन मग देवळाच्या दिशेला वळला होता, त्यामुळे वरून त्याच्या दिव्याचा नुसता पिवळा डाग दिसायचा. बहीजाने दोन पाट्या ओढल्या. तिसऱ्या पाटीआधी खालून आवाज आला, इतका वेगळा की तिला आधी तो खलाफचा वाटलाच नाही.

"लागला! बहीजा, लागला गं!"

"काय लागलं? डोक्याला लागलं का?"

उत्तराऐवजी एखादी म्हैस बसते तेव्हा येतो तसा मऊ, जड आवाज आला. मग खड्ड्यातून धूळ वर आली आणि गोठा भरून गेला. तिने दोरी ओढली. दोरी हलली नाही. पुन्हा सगळा जीव एकवटून ओढली, तर ती तुटून सैल वर आली आणि ती पाठीवर पडली.

बहीजा धडपडत उठली. ओरडलं तर पोलीस येतील, घराला टाळं लागेल, म्हातारपणी मास्तर तुरुंगात जाईल, हे सगळं गल्लीतल्या लहान मुलालाही पाठ होतं. तिने त्यातल्या कशाचाही विचार केला नाही. ती दारात आली आणि गल्लीने कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात ओरडली.

"खलाफ खाली आहे! धावा रे! माझा खलाफ गाडला गेला!"

पहिल्यांदा रेडिओ बंद झाले. एक, मग दुसरा, मग सगळे. वर्षभरात गल्ली अशी गप्प झालेली नव्हती. मग दारं उघडली आणि माणसं आली. आणि जे आलं ते बघून त्या अवस्थेतही बहीजा थक्क झाली. शेजाऱ्यावर संकट आलं तर माणूस जसा असेल तसा, रिकाम्या हातांनी धावत येतो. हे लोक तयारीने आले. कुणाच्या खांद्यावर दोरीची वेटोळी, कुणाच्या हातात मापात कापलेले लाकडी टेकू, कुणाकडे कपाळाला बांधायचा दिवा. दोन भाऊ पाणी उपसायचा पंप घेऊन आले, जोडायची नळी आधीच बसवलेली. उम्म फिक्री, पोटऱ्या सुजल्या म्हणून जी भट्टीपासून दारापर्यंत चालत नसे, ती रबराच्या पाट्यांची उतरंड डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. ही हत्यारं तुझ्या घरात कशी, हा प्रश्न कुणाच्या ओठावर आला नाही, कारण उत्तर प्रत्येकाच्या हातात होतं.

त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि माना हलवल्या. वरून उतरलं तर उरलेलं ढासळणार. माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात रद्वान पुढे आला. त्याचा चेहरा त्याच्या पिठापेक्षा पांढरा पडला होता.

"माझ्याकडून जवळ पडेल," तो म्हणाला.

"तुमच्याकडून म्हणजे?"

"चला म्हटलं ना! चौकशी नंतर करा!"

गिरणीत त्याने पोत्यांची थप्पी बाजूला लोटली, खालची फळी उचलली, आणि खाली काळंभोर तोंड दिसलं. खलाफच्या खड्ड्यापेक्षा खोल, कडेने विटा लावलेलं, उतरायला लोखंडी पायऱ्या. तेव्हा गल्लीला कळलं की गव्हाचा दाणा नसतानाही ती गिरणी दिवसभर का धडधडायची.

"अक्कल नाही ओ लोकांना," उम्म फिक्री म्हणाली. त्याही परिस्थितीत दोघेतिघे हसले.

मग त्यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. मी गावात भांडखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्लीबद्दल बोलतोय, जिथे पाण्याच्या पाळीवरून माणसं वर्षवर्ष एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दुपारी ती एका अंगाचे हात झाली. खाली रद्वान आणि ते पंपवाले भाऊ आडवं खणत होते, आलटून पालटून, हळू, प्रत्येक हातभर अंतरावर टेकू लावत. पाट्या हातोहात वर येत होत्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. भिंतीवर कान ठेवून मधेच सगळे थांबायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. बहीजा तोंडाशी बसून होती. तिला कुणी हटवायला धजलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा खालून रद्वानचा आवाज आला. "बोलतोय!"

"काय बोलतोय?" बहीजाने विचारलं.

"म्हणतोय, टेकू तिरका लावलाय. सरळ करा."

बहीजाने तोंडावर ओढणी दाबून धरली आणि ती इतकी रडली की बाकीच्या बायकांना तिला आवरावं लागलं.

खलाफ वाचला कारण माती पडली तेव्हा तो पुढच्या टोकाला एका कठीण गोष्टीला पाठ लावून होता आणि तिथली माती ढळली नाही. छातीच्या फासळ्या मोडल्या होत्या, पाय सुजला होता, दाढीत चिखल. गावच्या डॉक्टरने छाती बांधली आणि विचारलं, कशाने झालं? "विहिरीची दुरुस्ती करताना," गल्लीने एका सुरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका उम्म फिक्रीच्या भट्टीशी जमल्या. उन्हात फुगायला ठेवलेले भाकरीच्या पिठाचे गोळे तसेच झाकून त्यांनी पुरुषांना निरोप धाडला, की गल्लीतल्या सगळ्या विहिरी बुजवल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. पुरुषांनी दुपारपर्यंत मिशांना पीळ दिला. दुपारी त्यांना भूक लागली. संध्याकाळी वाळवंटातून वाळू आणायला गाढवगाड्या जुंपल्या गेल्या. कुणीतरी सुचवलं की वाळूपेक्षा मास्तरांचे ओटे फोडले तर माती जवळच मिळेल. "माझ्या भट्टीला हात लावेल त्याचा हात भट्टीत घालीन," उम्म फिक्री म्हणाली, आणि विषय मिटला.

रद्वानच्या विहिरीचं तोंड शेवटी भरायचं असं ठरलं, कारण तेच सगळ्यात मजबूत होतं.

गाड्या जुंपल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी खलाफने बहीजाला जवळ बोलावलं. तो कोचावर उशांना टेकून होता, शेजारी म्हैस.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "माझ्या पाठीमागे काय होतं माहीत आहे? दगड होता. खडक नव्हे गं. मी अंधारात हाताने चाचपला. सांधा होता त्याला, आणि त्या सांध्यात माझं नख शिरलं नाही. वर काहीतरी उंच आल्यासारखं, कोरल्यासारखं लागत होतं. पण तेव्हा मला श्वास मिळत नव्हता. माणसाला अशा वेळी काहीही वाटतं. कदाचित काहीच नसेल."

बहीजाने त्याची घसरलेली उशी वर ओढली.

"रद्वानला धुळीत काही दिसलं नाही. मला उतरता येणार नाही. तोंड भरायच्या आधी तू बघून ये. तू सांगशील ते मी मानीन. खडक असेल तर खडक. भरून टाकू, आणि मी पुन्हा नाव काढणार नाही."

"आणि खडक नसेल तर?"

खलाफचे डोळे तसे झाले, खडू घेऊन रेघा मारताना व्हायचे तसे. बहीजाला उत्तर कळलं होतं. फासळ्या जुळतील तेव्हा हा पुन्हा उतरेल. रद्वानच्या वाटेने, नाहीतर स्वयंपाकघरातून. या वेळी वाचला. पुढच्या वेळी कोण वाचवेल?

मास्तरांचा चष्मा खाली राहिलाय, असं तिने गिरणीत जाऊन सांगितलं. रद्वान म्हणाला, मी आणतो, ताई. ती म्हणाली, तुझ्या हाती दिलं तर चष्म्यालाही पीठ लागेल. उम्म फिक्रीने तिच्या कमरेला दोरी बांधली. साठीची बाई लोखंडी पायऱ्या उतरली, कपाळाला दिवा बांधून, अल्लाचं नाव घेत आणि मधूनमधून नवऱ्याला शिव्या देत. आडव्या वाटेत तिला गुडघ्यांवर जावं लागलं. टेकू सगळे सरळ होते. टोकाला एक कोंदट पोकळी होती, एक माणूस पाठ टेकून बसेल एवढी, आणि समोर माती चिकटलेली भिंत.

तिने ओढणीच्या टोकाने माती पुसली.

मातीखालून एक हात बाहेर आला. दगडातला. कुणीतरी पाण्याची झारी धरली होती, त्या माणसाचा नुसता मनगटापासूनचा हात, बाकीचा मातीत. बोटं लांबसडक, किंचित मागे वळलेली. प्रत्येक बोटाला नख होतं, आणि नखाच्या मुळाशी कातडीची बारीक कडा होती, तीही त्या कारागिराने सोडली नव्हती. झारीतून पडणाऱ्या पाण्याला अजून निळा रंग होता. दिवा हलला की ती बोटं हलल्यासारखी वाटत होती. शेजारचा सांधा तिने शोधला तेव्हा तो तिला डोळ्यांनी दिसलाही नाही, बोटाला लागला.

बहीजा किती वेळ बसून राहिली, तिला कळलं नाही. लहानपणापासून ती देवळात जात होती, सगळं गाव जातं. तिथली चित्रं सगळ्यांची होती. हे तिने एकटीने पाहिलं होतं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी अंधारात राहणार असलेल्या हाताला इतक्या प्रेमाने नखं काढली होती, आणि तिच्या खुळ्या नवऱ्याने गोठ्याच्या भिंतीवर रेघ मारून ती जागा बरोबर शोधली होती. त्याचं खरं होतं. गल्ली त्याला हसत होती, ती त्याला हसत होती, आणि त्याचं खरं होतं. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की छाती दुखली. हे जाऊन त्याला सांगावं, ओरडून सांगावं, त्याचा चेहरा उजळताना बघावा, याहून मोठं सुख तिला आयुष्यात दुसरं मिळणार नव्हतं.

तिने त्या दगडी बोटांवर आपली बोटं एकदा ठेवली. मग ओंजळीने माती घेतली आणि हात पुन्हा नीट लिंपून टाकला, भट्टी लिंपतात तसा.

घरी आली तेव्हा खलाफ तसाच बसला होता. दाराकडे तोंड करून.

"बघितलंस?"

"बघितलं." ती त्याच्याजवळ बसली. त्याच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली. "खडक आहे रे. साधा खडक. तुला अंधारात वाटलं असेल. होतं असं माणसाला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मेहनत काही वाया गेली नाही."

बाहेर गाढवगाडीतून वाळू ओतल्याचा आवाज आला.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"गाढव नाही म्हणालीस मला. वर्षभर म्हशीला कोचाशेजारी बांधलं, घर पोखरलं, मरता मरता वाचलो, आणि खाली निघाला खडक. आणि तू मला एक शिवी दिली नाहीस?"

बहीजाने मान खाली घातली. तिला शिवी सुचत नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिला शिवी सुचत नव्हती. खलाफने तिचा हात हातात घेतला. तिच्या नखांत ओली माती होती. तो त्या नखांकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंडावर हसू होतं, असं हसू तिने त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"रद्वानला सांग," तो म्हणाला, "आजच भरून टाका. वरपर्यंत. नीट ठोकून."

"सांगते."

ती उठायला लागली तेव्हा त्याने हात सोडला नाही.

"काकाच्या लेकी, एक विचारू? तो खडक... सुंदर होता का गं?"

"फार," बहीजा म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.